ईयूव्ही मशीनमधला उजेड नक्की येतो कुठून? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चिप बनवायच्या ईयूव्ही (एक्स्ट्रीम अल्ट्राव्हायोलेट) मशीनचा, म्हणजे चिपची नक्षी प्रकाशाने छापणाऱ्या मशीनचा, विषय निघाला की सगळे तैवान, चीन आणि नॅनोमीटर यावर घसरतात, आणि ज्या एका गोष्टीपायी हे तंत्रज्ञान दहा-पंधरा वर्षं रखडलं ती गोष्ट, म्हणजे त्यातला दिवा, मागेच राहते. आरसे जमले होते, मास्क (चिपच्या नक्षीचे छापे) बनत होते, पण पुरेसा उजेड पाडणारं काही हाताशी नव्हतं. म्हणून इथले बहुतेक प्रश्न त्या दिव्याभोवतीचेच घेतलेत. बारावीपर्यंतचं फिजिक्स आठवत असेल तर पुरे आहे, नसेल आठवत तरी चालेल.

ईयूव्ही म्हणजे नेमका कुठला प्रकाश?

१३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा. आपल्याला दिसणारा प्रकाश साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला, त्याच्या खाली अल्ट्राव्हायोलेट, आणि त्यातही पार तळाला, एक्स-रेच्या शेजारी हा. आधीच्या पिढीतली मशीन १९३ नॅनोमीटरवर चालतात आणि आजही जगातल्या बहुतेक चिपचे बहुतेक लेयर (थर) ईयूव्हीशिवाय, जुन्या मशीनवरच छापले जातात, हे आधीच सांगून ठेवतो.

याच्या एका फोटॉनमध्ये साधारण ९२ इलेक्ट्रॉन व्होल्ट एनर्जी असते, १९३ वाल्याच्या चौदापट. एवढा तगडा फोटॉन समोर येईल त्यात शोषला जातो, मग ती हवा असो, काच असो की पाणी. त्यामुळे लेन्स हा प्रकारच बाद, सगळं काम आरशांवर आणि तेही निर्वातात करावं लागतं. मास्कसुद्धा आरपार नसतो, तोही आरसाच.

१९३ वर चाललं होतं ना व्यवस्थित, मग हा खटाटोप कशाला?

चाललं होतं, पण ओढूनताणून. किती बारीक रेघ छापता येते ते तरंगलांबी भागिले एनए (ऑप्टिक्स किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करतं त्याचं माप) या हिशोबावर ठरतं, आणि लेन्स आणि वेफर (ज्या सिलिकॉनच्या चकतीवर चिप छापतात ती) यांच्या मध्ये पाणी भरून एनए १.३५ पर्यंत नेल्यावर १९३ चा जीव संपला, एका एक्स्पोजरमध्ये साधारण ३८ नॅनोमीटरच्या रेघा, त्याखाली नाही. मग इंडस्ट्रीने काय केलं तर एकच लेयर दोन-दोन, चार-चार तुकड्यांत छापायला सुरुवात केली, म्हणजे तेवढे मास्क, तेवढ्या वेळा एचिंग (कोरणं), आणि प्रत्येक वेळी आधीच्या छपाईवर नेमकं बसवायची कसरत. होतं, पण महाग पडतं आणि चुका वाढतात. ईयूव्हीने तोच लेयर एका फटक्यात होतो. ०.३३ एनए वर १३ नॅनोमीटरपर्यंत जाता येतं.

आणि १३.५ च का? १० का नाही, ५ का नाही?

कारण आकडा दिव्याने नाही, आरशाने ठरवलाय. मॉलिब्डेनम आणि सिलिकॉनचे पातळ थर एकावर एक, एक जोडी साधारण ७ नॅनोमीटरची, अशा चाळीस-पन्नास जोड्या रचल्या की प्रत्येक थरावरून थोडं थोडं परावर्तन होऊन ते एकमेकांत बरोबर मिळतं आणि जवळपास ७० टक्के प्रकाश परत येतो. सिलिकॉन १२.४ नॅनोमीटरच्या खाली गेलं की स्वतःच हा प्रकाश जोरात शोषायला लागतं, म्हणून त्या कडेच्या जरा वर राहायचं. तिथे १३.५ बसतं. आरसा फक्त या आकड्याच्या आजूबाजूचा अगदी अरुंद पट्टा स्वीकारतो, हिशोबासाठी सगळे २ टक्के धरतात. म्हणजे दिवा कितीही झगझगीत असला तरी त्या २ टक्क्यांच्या फटीत जेवढा उजेड पडतो तेवढाच आपला, बाकी सगळी नुसती उष्णता.

मग वेफरपर्यंत पोचतं किती?

फारच कमी. ०.७ ला ०.७ ने गुणत जा, अकरा आरसे धरले तर शेवटी २ टक्के उरतात, आणि प्रत्यक्षात आरसे पूर्ण ७० चे नसतात त्यामुळे त्याहून कमीच. हे आरसे झाइस ही जर्मन कंपनी बनवते आणि त्यांचंच सांगणं असं की तो आरसा जर्मनी देशाएवढा मोठा केला तरी त्यावरचा सगळ्यात मोठा उंचवटा ०.१ मिलिमीटरचा निघेल. इतकं करून हा हिशोब. त्यामुळे सगळा भार येतो दिव्यावर.

बरं, मग हा उजेड पाडतात कसा? नीट सांगा, घाई नाही.

टिन घ्यायचं, म्हणजे आपलं कथील, एकदम शुद्ध. ते २३२ अंशाला वितळतं. वितळलेलं टिन गॅसच्या जबरदस्त दाबाखाली एका सूक्ष्म नोझलमधून ढकलायचं आणि नोझलला पिझोने (वीज दिली की थरथरणाऱ्या तुकड्याने) थरथरवायचं, मग ती धार तुटून एकसारखे थेंब बनतात, एकेक थेंब २५ ते ३० मायक्रॉनचा, सेकंदाला ५०,००० थेंब, वेग सेकंदाला सत्तर-ऐंशी मीटर. वेग ८० धरला तर दोन थेंबांत अंतर दीड मिलिमीटरच्या जरासं वर येतं.

हे थेंब एका मोठ्या निर्वात भांड्यातून आडवे पळत असतात. कॅमेरे आणि छोटे लेसर त्यांच्यावर नजर ठेवून असतात, थेंब नेमक्या जागी आला की मोठा लेसर त्याला मारतो. हा कार्बन डायऑक्साइड लेसर, १०.६ मायक्रॉनचा, सरासरी पॉवर वीस-पंचवीस किलोवॅट आणि वर. थेंबाचं क्षणात प्लाझ्मा होतं, तापमान दोन-चार लाख अंश सेल्सिअस (सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजारांच्या आसपास असतो), टिनच्या अणूंचे आठ ते चौदा इलेक्ट्रॉन उडालेले असतात आणि असे आयन १३.५ च्या भोवती भसाभस प्रकाश सोडतात.

तो सगळ्या दिशांना जातो. म्हणून मागे एक मोठा वाडग्यासारखा आरसा असतो, कलेक्टर, व्यास साधारण ६५ सेंटिमीटर, आकार लंबवर्तुळी. लंबवर्तुळाला दोन फोकस असतात हे शाळेत शिकलेलं इथे कामाला येतं, एका फोकसवर प्लाझ्मा आणि दुसऱ्या फोकसवर सगळा प्रकाश गोळा. त्या दुसऱ्या बिंदूला इंटरमीजिएट फोकस म्हणतात. दिवा तिथे संपतो आणि स्कॅनर, म्हणजे मास्कवरची नक्षी वेफरवर छापणारा भाग, तिथे सुरू होतो. लेसर कलेक्टरच्या मधल्या भोकातून आत येतो.

आणि हे सेकंदाला पन्नास हजार वेळा, दिवसरात्र. मला यात लेसरपेक्षा थेंबांचं जास्त कौतुक वाटतं, कारण लेसर मोठा करता येतो, पण तीस मायक्रॉनचा थेंब महिनोन् महिने न चुकता त्याच रेषेत सोडत राहणं ही वेगळीच गोष्ट आहे, नोझलच्या तोंडाशी जरासा टिन ऑक्साइडचा कण अडकला तरी धार तिरकी होते.

दिवसाला टिन किती लागतं?

गणित सोपंय. २७ मायक्रॉनचा थेंब म्हणजे साधारण ७२ नॅनोग्रॅम, गुणिले ५०,००० म्हणजे सेकंदाला साडेतीन-चार मिलिग्रॅम, दिवसाचे ३०० ग्रॅमच्या आसपास. पूर्वी टिन भरायला मशीन थांबवावं लागायचं, नंतरच्या मॉडेलमध्ये चालू असतानाच भरायची सोय आली.

एका थेंबावर दोनदा लेसर मारतात असं ऐकलं, ते का?

हो, आणि माझ्या मते खरी उडी तिथेच मारली गेली. गोल थेंब तीस मायक्रॉनचा आणि मोठ्या लेसरचा झोत त्याच्या कितीतरी पट रुंद, म्हणजे बरीचशी एनर्जी थेंबाच्या बाजूने निघून जाते, आणि जी लागते ती फक्त पृष्ठभागावर, आतलं टिन तसंच राहतं आणि नंतर घाण करतं. म्हणून आधी एक हलका फटका, प्री-पल्स. त्याने थेंब चपटा होऊन काहीशे मायक्रॉनची पातळ चकती बनते, काही मायक्रोसेकंदांनी मुख्य पल्स येतो आणि सगळी चकती एकदम पेटते. लेसरच्या एनर्जीतला कामाचा ईयूव्ही आधी एक-दोन टक्के मिळायचा तो या युक्तीने पाच-सहा टक्क्यांवर गेला. फक्त मोठा लेसर लावून हे झालं नसतं.

टिनच का? दुसरं काही कमी घाण करणारं नव्हतं का?

होतं की. झेनॉन. गॅस असल्याने कशालाच चिकटत नाही, सुरुवातीची बरीच वर्षं त्यावरच काम झालं. पण झेनॉनमधून १३.५ ला जो प्रकाश येतो तो मुख्यतः एकाच प्रकारच्या आयनमधून, दहा इलेक्ट्रॉन उडालेल्या, आणि झेनॉनचा खरा जोर ११ नॅनोमीटरकडे. कामाचा ईयूव्ही जेमतेम टक्काभर. लिथियमचाही विचार झाला, त्याची एक सरळ रेषा बरोबर १३.५ ला पडते, ऐकायला फार छान, पण त्यातूनही पुरेशी पॉवर निघाली नाही.

टिनचं नशीब असं की त्याच्या एकाच नाही तर लागोपाठच्या सात आयनांच्या हजारो रेषा त्याच १३.५ भोवती येऊन गर्दी करतात, इतकी की वेगळ्या ओळखू येत नाहीत, एक सलग उंचवटा दिसतो. त्यामुळे प्लाझ्माचं तापमान थोडं इकडेतिकडे झालं तरी उजेड पडतोच. आरसा सिलिकॉनने ठरवला, आकडा आरशाने ठरवला आणि मग त्या आकड्यावर टिन बसलं, हा निव्वळ योगायोग आहे, निसर्गाने दुसरीकडे ठेवला असता हा पट्टा तर काय केलं असतं कोण जाणे.

कार्बन डायऑक्साइड लेसर तर लोखंड कापायला वापरतात, इथे तोच का?

तोच, आणि बनवणारी कंपनीही तीच परंपरा असलेली, जर्मनीतली ट्रम्फ. तरंगलांबी जेवढी मोठी तेवढ्या विरळ प्लाझ्मात लेसर शोषला जातो. १ मायक्रॉनचा लेसर दाट प्लाझ्मात घुसतो, तिथे तयार झालेला ईयूव्ही बाहेर पडतानाच टिनमध्ये शोषला जातो. १०.६ मायक्रॉनचा साधारण शंभरपट विरळ थरात काम करतो, प्रकाश मोकळा बाहेर येतो. शिवाय किलोवॅटच्या हिशोबात हा लेसर आधीच कारखान्यांत रुळलेला होता.

त्रास वेगळेच आहेत. टिनची चकती लेसरचा काही भाग परत पाठवते, तो उलटा अँप्लिफायरमध्ये शिरला तर गोंधळ, म्हणून वाटेत आयसोलेशन. आणि इन्फ्रारेड प्रकाश ईयूव्हीसोबत स्कॅनरमध्ये जाऊ नये म्हणून कलेक्टरच्या पृष्ठभागावरच बारीक खाचा कोरलेल्या असतात, त्या १०.६ मायक्रॉनला दुसरीकडे वळवतात आणि ईयूव्हीला त्यांचा फारसा पत्ता लागत नाही.

एवढं टिन उडतंय तर समोरचा आरसा घाण होत नाही का?

होतो ना! हीच तर मोठी डोकेदुखी. प्लाझ्मापासून हातभर अंतरावर जगातला एक महागडा आरसा, आणि त्याच्यावर दिवसभर टिनची फुकटची कल्हई. पितळेच्या पातेल्याला ती हवी असते, इथे नॅनोमीटरभर थर बसला तरी परावर्तन पडायला लागतं. भरीला वेगवान आयन येऊन आरशाचे थर खरवडतात.

उपाय म्हणजे हायड्रोजन. भांडं पूर्ण रिकामं नसतं, बाहेरच्या हवेच्या दाबाच्या साधारण हजाराव्या भागाएवढा हायड्रोजन सतत खेळवत ठेवतात. तो ईयूव्ही फारसा शोषत नाही, आयनांना वाटेतच मंद करतो, आरसा थंड ठेवतो, आणि प्लाझ्माच्या प्रकाशाने त्याचे रेणू फुटून जे हायड्रोजनचे सुटे अणू बनतात ते आरशावरच्या टिनशी जुळून स्टॅनेन नावाचा गॅस बनवतात, तो पंपाने बाहेर काढायचा. म्हणजे घाण करणारा प्लाझ्माच स्वच्छतेचं सामानही तयार करतो. पण स्टॅनेन गरम भिंतीला लागला की परत टिन होऊन चिकटतो, त्यामुळे गॅसचा प्रवाह कुठून कसा वाहतो यावर अक्षरशः वर्षं गेलीत. तरीही कलेक्टर कधीतरी बदलावा लागतोच, तो बदलायला लागणारा वेळ कमी करणं हाही नंतरच्या मॉडेलचा विक्रीचा मुद्दा होता.

"२५० वॉटचा सोर्स" म्हणतात, एवढंच? माझा मिक्सर ७५० वॉटचा आहे.

सोर्स म्हणजे हाच दिवा. वॉट तेच, पण मोजायची जागा वेगळी. हे २५० वॉट म्हणजे इंटरमीजिएट फोकसला पोचलेला, त्या २ टक्के पट्ट्यातला शुद्ध ईयूव्ही, लेसरची किंवा प्लगची पॉवर नाही.

आणि तिथवर पोचायला काय वाट लागली ते बघा. २००६ मध्ये ही मशीन बनवणाऱ्या एएसएमएल या डच कंपनीने दोन प्रायोगिक मशीन दिली, एक बेल्जियममधल्या आयमेक या संशोधन संस्थेला आणि एक अमेरिकेत ऑल्बनीला, त्यांचे सोर्स मोजून काही वॉटचे. २०१० ला एनएक्सई ३१०० हे मॉडेल आलं तेव्हा दहा वॉटच्या आसपास. चिपवाल्यांना हवे होते दोन-अडीचशे. दरवर्षी कॉन्फरन्समध्ये "पुढच्या वर्षी १०० वॉट" म्हणून सांगितलं जायचं आणि पुढच्या वर्षी परत तेच, इतकं की ईयूव्ही हा चेष्टेचा विषय झाला होता. २०१२ मध्ये इंटेल, टीएसएमसी आणि सॅमसंग या तीन चिप कंपन्यांनी, एरवी एकमेकांचे स्पर्धक, एएसएमएलमध्ये पैसे घातले. २०१३ मध्ये एएसएमएलने सॅन दिएगोची सायमर ही सोर्स बनवणारी कंपनीच विकत घेतली, दिवा बाहेरच्यावर सोपवून चालणार नाही हे कळून चुकलं होतं. २५० वॉट झाले २०१७ मध्ये, आणि त्यावर तासाला १२५ वेफर. आता एनएक्सई ३८०० ई मध्ये ५०० वॉटच्या आसपास आणि तासाला २२० पर्यंत वेफर.

वॉट कमी म्हणजे प्रत्येक वेफरवर जास्त वेळ थांबणं, म्हणजे कोट्यवधी युरोंचं मशीन तासाला पाच-दहा वेफर काढतंय, आणि मग जुन्या मशीनवर चार वेळा छापणं परवडतं. बाकी सगळं जमूनही ईयूव्ही अडलं ते एवढ्यावर.

मुळात ही आयडिया कोणाची? डच लोकांची?

नाही. १९८६ मध्ये जपानच्या एनटीटी या टेलिकॉम कंपनीतल्या हिरोओ किनोशिता यांनी आरशांनी असा प्रकाश वापरून प्रतिमा पाडल्याचं जपानी फिजिक्स परिषदेत मांडलं, फार कोणी मनावर घेतलं नाही. अमेरिकेत बेल लॅब्स आणि लॉरेन्स लिव्हरमोरमध्येही त्याच सुमारास काम सुरू होतं. १९९७ मध्ये इंटेलच्या पुढाकाराने ईयूव्ही एलएलसी ही कंपन्यांची संयुक्त संस्था स्थापन झाली, लिव्हरमोर, बर्कली आणि सँडिया या सरकारी प्रयोगशाळा सोबत, आणि २००१ मध्ये पूर्ण आकाराचं चाचणी मशीन उभं राहिलं. त्याचा सोर्स झेनॉनचा होता बरं का. डच कंपनीने चिकाटी दाखवली, जर्मन आरसे आणि जर्मन लेसर, सोर्सचं डोकं कॅलिफोर्नियाचं. निकॉन आणि कॅनन या मशीन बनवणाऱ्या जपानी कंपन्या वाटेत थांबल्या.

लेसरशिवाय, नुसत्या विजेच्या ठिणगीने प्लाझ्मा करता येत नाही का?

येतो, आणि सुरुवातीला तोच रस्ता पुढे होता. दोन इलेक्ट्रोडमध्ये टिनची वाफ आणि त्यातून प्रचंड करंट, प्लाझ्मा स्वतःच्याच चुंबकीय क्षेत्राने आवळला जातो आणि तापतो. वर म्हटलेली २००६ ची मशीन याच प्रकारच्या सोर्सवर होती. पुढे फिरत्या चकत्यांवर वितळलेलं टिन चढवून इलेक्ट्रोड सतत नवा ठेवायची युक्तीही निघाली. अडलं कुठे, तर इलेक्ट्रोड प्लाझ्माच्या अगदी जवळ, शेकडो वॉट मागितले की ते वितळतात आणि झिजतात, आणि प्रकाश गोळा करायला जागाही कमी मिळते. लेसरवाल्या प्रकारात प्लाझ्मा अधांतरी लटकलेला, आसपास काहीच नाही.

पण हा प्रकार मेला नाही. मास्क तपासायला काही वॉट पुरतात, तिथे उशिओ या जपानी कंपनीचे असे सोर्स आजही कामाला आहेत.

वीज किती खातं हे प्रकरण?

एका मशीनला १ मेगावॅटपेक्षा जास्त, आणि त्यातला मोठा वाटा लेसर आणि त्याच्या कूलिंगचा. आता दुसऱ्या टोकाचं गणित करा. ३०० मिलिमीटरचा वेफर म्हणजे साधारण ७०० चौरस सेंटिमीटर, डोस (तेवढ्या जागेवर पाडायची प्रकाशाची एनर्जी) ३० मिलिज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर, म्हणजे पूर्ण वेफरला लागले २१ ज्यूल. तासाला १६० वेफर म्हणजे एकाला साडेबावीस सेकंद. भागाकार करा, १ वॉटही येत नाही. मेगावॅट आत टाकायचा आणि वेफरवरच्या रेझिस्टवर, म्हणजे प्रकाशाने बदलणाऱ्या लेपावर, सरासरी वॉटभर उजेड पाडायचा. मला हे गणित पहिल्यांदा दिसलं तेव्हा परत तपासलं होतं, बरोबर आहे.

आता ५०० वॉट झाले ना, मग अजून कशाला मागतात?

कारण फोटॉन कमी पडतात, खरंच मोजून कमी. एकेक फोटॉन चौदापट तगडा, म्हणजे तेवढ्याच डोसमध्ये संख्या चौदापट कमी. रेघ दहा-पंधरा नॅनोमीटरची झाली की तिच्या एखाद्या कोपऱ्यात किती फोटॉन पडले हे नशिबावर सुटतं, कुठे जास्त कुठे कमी, आणि मग रेघेच्या कडा खडबडीत येतात, एखादं भोक उघडतच नाही, दोन तारा चिकटतात. अब्जावधी भोकांत एक चुकलं तरी चिप बाद. यावर सरळ उपाय म्हणजे डोस वाढवा, आणि डोस वाढवला की वेग पडतो, वेग राखायचा तर वॉट वाढवा. फिरून गाडी दिव्यावरच येते.

एखादा थेंब चुकला तर काय, असंही विचारतात. काही होत नाही, वेफरवरच्या प्रत्येक बिंदूवर अनेक पल्स पडत असतात आणि कंट्रोल सिस्टीम थोडी पॉवर राखून ठेवते, एक कमी पडला की पुढच्यांत भरून काढते.

हाय-एनए मशीनला नवीन दिवा लागतो का?

तत्त्व तेच, थेंब तेच, १३.५ तेच. बदललं ते ऑप्टिक्स, एनए ०.३३ वरून ०.५५, रिझोल्यूशन १३ वरून ८ नॅनोमीटर. पहिलं मशीन २०२३ च्या डिसेंबरात इंटेलकडे निघालं.

यातून किरणोत्सर्गाचा धोका असतो का?

बाहेर उभ्या माणसाला नाही. हा प्रकाश हवेतून मिलिमीटर-दोन मिलिमीटरही धड जात नाही, स्टीलचं भांडं तर सोडाच. आत शिरायचा प्रश्नच नाही कारण आत निर्वात आहे. काळजी घ्यावी लागते ती कित्येक किलोवॅटच्या अदृश्य लेसरची, हायड्रोजनची आणि स्टॅनेनची, तो विषारी आहे.

चीनला हे मिळत नाही म्हणतात, मग ते दुसरं काही करतायत का? आणि बाकीचे?

२०१९ पासून डच सरकारने चीनला ईयूव्ही मशीन पाठवायची परवानगी दिलेली नाही. त्यांनी १९३ वरच अनेकदा छापून ७ नॅनोमीटर म्हणवल्या जाणाऱ्या चिप काढल्या. ईयूव्ही सोर्ससाठी तिथे टिन प्लाझ्मावर काम चालू आहेच, शिवाय सिंघुआ विद्यापीठाचा गट इलेक्ट्रॉन साठवून ठेवणाऱ्या रिंगमधून हा प्रकाश काढायच्या मागे आहे.

अॅक्सिलरेटरचा विचार इतरांकडेही आहे. जपानची केईके ही संशोधन संस्था आणि अमेरिकेतली एक्सलाइट ही कंपनी फ्री इलेक्ट्रॉन लेसरचा (वेगवान इलेक्ट्रॉनांतून प्रकाश काढायचा) रस्ता धरून आहेत, टिन नाही, घाण नाही, पॉवर भरपूर, एकाच यंत्रातून अनेक स्कॅनरना उजेड वाटायचा. मला व्यक्तिशः यात एकच शंका वाटते, एक दिवा बंद पडला तर आख्खी फॅब (चिपचा कारखाना) अंधारात. लॉरेन्स लिव्हरमोरमध्ये थुलियमच्या २ मायक्रॉनच्या आसपासच्या लेसरवर काम चाललंय, तो जमला तर आहे त्याच टिनच्या थेंबांवर विजेचं बिल बरंच उतरेल. ६.७ नॅनोमीटरचीही चर्चा असते, टिनच्या जागी गॅडोलिनियम, पण तिथले आरसे अजून तेवढे चांगले नाहीत आणि पट्टा आणखी अरुंद.

तळेगावला वेदांता-फॉक्सकॉन आलं असतं तर महाराष्ट्रात ईयूव्ही आलं असतं का?

नाही. हा प्रश्न भांडणाच्या सुरात येतो म्हणून शांतपणे सांगतो. सप्टेंबर २०२२ मध्ये तो प्रकल्प गुजरातला गेल्यावर इथे जी रणधुमाळी झाली ती राजकारणाची, तंत्रज्ञान २८ नॅनोमीटरचं होतं आणि त्याला १९३ चं पाणीवालं मशीन पुरतं. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्यातून बाहेरच पडली. आता धोलेऱ्यात टाटा आणि तैवानच्या पीएसएमसीची फॅब येतेय, तीही २८ आणि त्याच्या वरच्या नॅनोमीटरच्या पिढ्यांची. गाड्या, मीटर, चार्जर, डिस्प्ले यांना लागणाऱ्या चिप त्यातच येतात आणि त्यात काही कमीपणा नाही.

मग आपल्याकडे याच्या जवळपासचं काहीच नाही?

आहे, फक्त फॅबमध्ये नाही, प्रयोगशाळेत आहे. इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात इंडस-१ हा सिंक्रोट्रॉन (इलेक्ट्रॉन गोल फिरवून प्रकाश काढणारं यंत्र) आहे, त्यावर याच भागातल्या तरंगलांबीत आरशांचं परावर्तन मोजायची बीमलाइन आहे आणि मल्टिलेयर आरशांवर तिथे बऱ्याच वर्षांपासून काम होतं. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये तीव्र लेसर आणि प्लाझ्मावर काम आहे. या विषयात शिरायचं असेल तर प्लाझ्मा फिजिक्स, अणूंची स्पेक्ट्रोस्कोपी, किंवा थेंब आणि प्रवाहांचं फ्लुइड मेकॅनिक्स यातलं काहीतरी पक्कं करा, लोक समजतात फक्त इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचं काम आहे, सोर्समध्ये इलेक्ट्रॉनिक्सवाले कमी आणि प्लाझ्मा, गॅस, मटेरियलवाले जास्त. बाहेर जायचं असेल तर अॅमस्टरडॅमची एआरसीएनएल ही संशोधन संस्था नेमकी याच कामासाठी काढलेली आहे, आणि टिनच्या स्पेक्ट्रमसाठी युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिन.

प्रकाश १३.५ नॅनोमीटरचा, मग ३ नॅनोमीटरची चिप कशी छापतात?

छापत नाहीत. ३ हे नाव आहे, माप नाही. त्या चिपमधल्या सगळ्यात दाट तारासुद्धा एकीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत २० नॅनोमीटरच्या वरच असतात.

माझ्या फोनमधली चिप ईयूव्हीवर बनलीय का, कसं कळणार?

चिपचं नाव बघा आणि ती कुठल्या प्रोसेसवर आहे ते शोधा. सॅमसंगने ईयूव्हीवाल्या ७ नॅनोमीटरचं उत्पादन २०१८ च्या ऑक्टोबरात सुरू केलं, टीएसएमसीने २०१९ मध्ये. एक्झिनोस ९८२५ आणि किरिन ९९० ५जी या पहिल्या काहींतल्या. आयफोन १२ मधली ए१४ ईयूव्हीवर, त्याच्या आधीची ए१३ नाही. महाग फोन म्हणजे ईयूव्ही असं मात्र धरू नका, स्नॅपड्रॅगन ८६५ ही २०२० ची टॉपची चिप टीएसएमसीच्या जुन्या पद्धतीच्या ७ नॅनोमीटरवर होती, आणि त्याच वर्षीच्या मिडरेंज फोनमधली ७६५ सॅमसंगच्या ईयूव्हीवर.